'मोठं घर' ग्रुप: नानांचा रिपोर्ट

मी: नानांच्या काढलेल्या प्रोस्टेटचा रिपोर्ट आज मिळाला. फोटो टाकलाय. डॉक्टर शुक्रवारीच भेटणार. ट्यूमर २.८ सेंमी लिहिलाय. एवढा मोठा असेल तर परत येतो का? मेघावहिनी, बघाल का जरा?

बेबीआत्या: अरे देवा! माझी छातीतली गाठ २.३ होती तर म्हणाले, दोनच्या वर गेली, स्टेज बदलली. आणि हे २.८?

प्रदीपकाका: रोज सकाळी अनशापोटी दुधीचा रस. आमच्या ऑफिसातल्या एकाला फरक पडला. खाली पाठवतोय, पूर्ण वाचा 🙏

मेघावहिनी मुलुंड: लॅबमध्ये होते, आत्ता बघितलं. काका, दुधी राहू द्या. कडू निघाला तर विषबाधा होते, ती वेगळी निस्तरावी लागेल.
आत्या, तुमचं बरोबर आहे, पण ते स्तनाचं. तिथे २ आणि ५ सेंमी या स्टेजच्या रेषाच आहेत. प्रोस्टेट काढल्यावर स्टेज सेंटिमीटरवर ठरतच नाही. आजार ग्रंथीच्या आत आहे की बाहेर पडलाय, हे बघतात.

मी: पण नेटवर तर लिहिलंय की मोठा ट्यूमर असला की परत येण्याची शक्यता जास्त.

मेघावहिनी मुलुंड: खोटं नाहीये ते. नुसता आकार बघितला तर तसंच दिसतं. पण मोठी गाठ बहुतेकदा बाहेर पसरलेली असते, ग्लीसनही, म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा आकडा, जास्त असतो. ही माहिती हातात आल्यावर सेंटिमीटरने वेगळं काही कळतं का? काही अभ्यास म्हणतात थोडं कळतं, काही म्हणतात नाही. ऑपरेशननंतर धोका मोजायला कॅप्रा-एस नावाचा स्कोअर वापरतात. त्यात पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी), ग्लीसन, कापलेली कड, ग्रंथीबाहेर पसरणं, शेजारचं शुक्राशय आणि लिम्फ नोड धरतात. आकाराला रकानाच नाही.

आणि मोजतो कसं ते सांगते. प्रोस्टेटचा कॅन्सर लिंबासारखा गोल नसतो. चांगल्या पेशींमधून शिरत जातो, बऱ्याचदा दोन-तीन ठिकाणी असतो, नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही. आम्ही चकत्या करतो, स्लाइडवर पेनाने खुणा करतो, मग पट्टी. त्यात फॉर्मालिनमध्ये तुकडा आकसतो. ०.३ इकडे-तिकडे सहज होतं.

मी: मग रिपोर्टमध्ये बघू काय?

मेघावहिनी मुलुंड: ग्लीसन ३+४. बेरीज ७. ४+३ ची पण ७ च होते, पण ती जास्त वाईट. नानांचा आधी ३ आहे, म्हणजे सौम्य भाग जास्त.
पीटी२, म्हणजे आतच आहे. शुक्राशय मोकळं, नोड मोकळे.
आणि मार्जिन, म्हणजे ती कापलेली कड. ग्रंथी आली की बाहेरून शाई फासतो. कॅन्सरच्या पेशी शाईला टेकलेल्या दिसल्या तर पॉझिटिव्ह. नानांच्या टेकलेल्या नाहीत. सुहासभावजी, मी असते तर आधी ही ओळ वाचली असती.

बेबीआत्या: म्हणजे येणार नाही ना परत?

मेघावहिनी मुलुंड: आत्या, असं लिहून कुणी देत नाही. साधारण ६ ते ८ आठवड्यांनी पीएसए करा, जवळजवळ शून्य यायला हवा. पुढे दर काही महिन्यांनी. लॅब तीच ठेवा, दादरला एकदा आणि बोरिवलीला एकदा असं नको. ०.२ किंवा वर, आणि तेही दोनदा, आला तर परत आला असं धरतात. तेव्हाही वेळेत रेडिएशन देता येतं.

प्रदीपकाका: दुधी नाही तर टोमॅटो?

मेघावहिनी मुलुंड: भाजीत घाला काका.

नाना: मी पण आहे ग्रुपवर.

मी: नाना! तुम्ही झोपला होतात ना?

नाना: तुमच्या टिंग टिंगने उठलो. मार्जिन निगेटिव्ह म्हणजे नापास का ग मेघा?

मेघावहिनी मुलुंड: पास नाना. इथे निगेटिव्ह म्हणजे पास.

नाना: बरं. सुहास, शुक्रवारी नळी काढणार का ते आधी विचार. कूस बदलता येत नाही. आणि पद्या, दुधी तूच पी.