माणसं तुटली की प्रतिकारशक्तीही कमी होते का?

प्रश्न:
आईला स्मृतिभ्रंश आहे, तिचं सगळं मीच बघते. हल्ली सर्दी धरली की सोडत नाही. अंगठ्याच्या नखाजवळची साधी चीर, तीही भरता भरत नाही. रिपोर्ट चांगले आहेत. मैत्रिणींशी बोलणं जवळजवळ बंद झालंय. त्याचा संबंध असेल का?

प्रतिसाद १:
असू शकतो, ताई. १९९५ मध्ये संशोधक किकोल्ट-ग्लेसर यांच्या गटाने स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम करून पाहिली. इतर बायकांपेक्षा ती भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले! ताण लांबला की कॉर्टिसोलचं, म्हणजे ताणाच्या संप्रेरकाचं, गणित बिघडतं आणि जखमेपाशी पेशींना बोलावणारे संदेश कमी पडतात. तरी साखर तपासली नसेल तर तपासाच.

प्रतिसाद २:
मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांनी १९९७ मध्ये २७६ निरोगी लोकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले होते. ज्यांची नाती तीन किंवा कमी प्रकारची, त्यांना सर्दीचा धोका सहा किंवा जास्त प्रकारची नाती असलेल्यांच्या चौपट. नुसती डोकी मोजून उपयोग नाही. शेजारी, मित्र, सहकारी, असं वैविध्य हवं. (घरात माणसं भरपूर असूनही एकटं पडता येतं, हे मी जवळून पाहिलंय.)

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. साखर तपासून घेते. भावाला आजच सांगते, रविवारची दुपार आईजवळ तू बस. मैत्रिणीला फोन लावलाय.