मदत हवी आहे: शारीरिक शिक्षणाच्या संशोधनात बूर्द्यू आणि फूको एकत्र वापरता येतील का?

शारीरिक शिक्षणाच्या तासाला काही विद्यार्थी कायम कडेला का राहतात, यावर मी गुणात्मक संशोधन करत असून वर्गनिरीक्षणाच्या नोंदी आणि विद्यार्थ्यांच्या मुलाखती हाती आहेत. संघ निवडताना कोणाचे नाव आधी घेतले जाते, चेंडू ठरावीक मुलांकडेच का जातो, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बूर्द्यू यांच्या हॅबिटस (सामाजिक जडणघडणीतून अंगी मुरलेल्या सवयी आणि कल) आणि भांडवल (केवळ पैसा नव्हे, तर कौशल्य, ओळखी, प्रतिष्ठा अशी मोल असलेली साधने) या संकल्पनांनी चांगले उलगडते. मात्र एका नोंदीपाशी मी अडलो आहे. एक मुलगी खेळभर धावत राहते, चेंडू जवळ आला की पाऊल मागे घेते, आणि शिक्षकांची नजर तिच्याकडे वळताच पुन्हा पुढे सरकते. तिच्याकडे भांडवल कमी आहे एवढेच म्हणणे मला अन्यायकारक वाटते. फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांची देखरेख आणि स्वयंशिस्त यांविषयीची मांडणी, म्हणजे आपल्यावर नजर आहे या जाणिवेने माणूस स्वतःच स्वतःला शिस्त लावतो हा विचार, येथे अधिक नेमकी ठरते.

दोन्ही चौकटींतून स्वतंत्र विश्लेषण लिहून पाहिले, परंतु सत्तेविषयीची त्यांची गृहीतके वेगळी असल्याने प्रकरण दुभंगले. क्षेत्रकार्य संपले असल्याने नव्या मुलाखती शक्य नाहीत. शिक्षणाचे समाजशास्त्रज्ञ बॅझिल बर्नस्टाइन यांचा सिद्धांत अभ्यासक्रमाच्या रचनेसाठी उपयुक्त आहे, पण माझा प्रश्न प्रत्यक्ष तासातील देहव्यवहाराचा असल्याने तो बाजूला ठेवला आहे.

अशा वेळी बूर्द्यू यांची चौकट मुख्य ठेवून फूको यांची एखादीच संकल्पना घेणे पद्धतीच्या दृष्टीने ग्राह्य धरले जाते का, आणि धरले जात असेल तर त्या निवडीचे समर्थन पद्धतीच्या प्रकरणात करावे की विश्लेषणात, त्या नोंदीपाशीच?