‘मुत्सद्दी’ म्हटलं तर घरच्यांना राग का यावा?

खिळेजुळारी

मंडळी, एका शब्दावर अडलोय. आमच्या भागातल्या एका दिवंगत नेत्याची स्मरणिका निघतेय, मुद्रितं माझ्याकडे आहेत. माणूस पंचायत समितीपासून वर गेलेला. विरोधकाच्या घरी कार्य असलं तर मांडवात सगळ्यांच्या आधी हजर. निवडणुकीच्या भाषणातसुद्धा कुणाचं घर काढलं नाही. एका लेखात त्यांच्याबद्दल ‘जिल्ह्यानं एक मुत्सद्दी गमावला’ असं वाक्य आहे. थोरल्या चिरंजिवांनी त्यावर लाल रेघ मारून पान परत पाठवलं. म्हणाले, “आमचे अण्णा मुत्सद्दी नव्हते हो, सरळ माणूस होता.” लेखक निवृत्त प्राध्यापक. ते हटून बसलेत, म्हणतात याहून मोठा मान राजकारण्याला मराठीत देताच येत नाही.

माझ्या कानाला दोघांचंही पटतं, पंचाईत तिथंच आहे. दुसरा शब्द शोधायला गेलो तर ‘धुरंधर’मध्ये हल्ली टोमणा ऐकू येतो. ‘राजकारणी’ ही तर जवळजवळ शिवीच. ‘चाणक्य’ प्रत्येक वॉर्डात एक असतो. ‘अजातशत्रू’ आधीच तीन लेखांत येऊन गेलाय (आणि त्या नावाच्या मगधच्या राजानं बापाला कैदेत टाकलं होतं, हे चिरंजिवांना कुणी सांगू नका). परवा फर्मा छपाईला जायचाय. काय लिहू?

कराडकर मास्तर

चिरंजिवांचा कान चांगला आहे. शब्द मूळचा अरबी, आपल्याकडे फारशीतून आला. अर्थ साधा: काम अंगावर घेणारा, कारभार पाहणारा. मोगलांच्या वेळी सुरत बंदरावरच्या अधिकाऱ्याला मुत्सद्दी म्हणत. राजस्थानातल्या संस्थानांत कारभाऱ्यांचा अख्खा वर्गच ‘मुत्सद्दी’ म्हणून ओळखला जाई. म्हणजे हा दप्तराचा माणूस, लेखणीचा. आपल्याकडे पेशवाईत तह, खंडण्या, वकिलाती, फितुऱ्या हे सगळं लेखणीवाल्यांच्या हातात गेलं आणि शब्दाला वजन आलं.

पण ते वजन डोक्याचं आहे, मनाचं नाही. साडेतीन शहाणे आठवा: सखारामबापू बोकील, विठ्ठल सुंदर, देवाजीपंत चोरघडे आणि अर्धे नाना फडणवीस. नाना अर्धे का, तर तलवारीच्या कामाचे नव्हते म्हणून, असं सांगतात. यातले विठ्ठल सुंदर निजामाचे दिवाण. ते 1763 साली राक्षसभुवनच्या लढाईत मराठ्यांच्या हातून मारले गेले, तरीही आपण त्यांना शहाण्यांत मोजतो. सखारामबापू राघोबादादांकडूनही होते, त्यांच्या विरोधातल्या बारभाईंतही होते, आणि शेवटी कैदेत गेले. चौघांनाही मुत्सद्दी म्हणायला कुणाची हरकत नाही. ‘सरळ’ यातल्या कुणाला म्हणाल?

समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखणं आणि आपल्या मनातलं कळू न देणं, ही मुत्सद्द्याची पात्रता. सभ्यता असली तर वरकड.

इंदुरी

इकडे माळव्यात अजून गंमत. हिंदीत मुत्सद्दी किंवा मुसद्दी म्हणजे मुनीम-कारकून. माझ्या आजोबांना एका मराठी समारंभात ‘मुत्सद्दी’ म्हटलं, तर हिंदीभाषक शेजाऱ्यानं विचारलं, कुठल्या पेढीवर होते? इकडे चांगल्या अर्थानं ‘राजनेता’ म्हणतात. तोच वापरा की.

कराडकर मास्तर

‘राजनेता’ नको. मराठी वर्तमानपत्रांत तो घुसलाय खरा, पण वाचताना डब केलेली जाहिरात ऐकल्यासारखं वाटतं.

वाईची लेक

मास्तर, सभ्यता वरकड म्हणालात ते मला पटलेलं नाही. 30 नोव्हेंबर 1957 घ्या. प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला नेहरू येणार होते. त्याच्या आदल्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत गोळीबारात माणसं मेलेली, लोक पेटलेले, आणि संयुक्त महाराष्ट्र समितीनं काळ्या निशाणांनी निदर्शनं जाहीर केलेली. मराठी-गुजराती मुलूख एकत्र ठेवलेल्या द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. बंदी घालून धरपकड करणं सोपं होतं. त्यांनी निदर्शनं होऊ दिली. पसरणीच्या घाटात माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहिली, पंतप्रधानांची गाडी मधून गेली, दगड उडाला नाही की गोळी सुटली नाही. माझे वडील समितीवाले, त्या गर्दीत होते. त्यांनी चव्हाणांना जन्मात मत दिलं नाही, पण त्या दिवसाबद्दल विचारलं की म्हणायचे, “माणसानं दोन्हीकडची अब्रू राखली.”

आता याला काय म्हणाल? मुत्सद्दीपणा तर होताच. महाराष्ट्राच्या मनात काय आहे ते दिल्लीला डोळ्यांनी दिसलं, आणि अडीच वर्षांत, 1 मे 1960 ला, राज्यही झालं. पण विरोधकाला त्याचा विरोध मानानं करू देणं यात नुसतं डोकं नाही.

आणखी एक. ज्यांना आज आपण सहज ‘सुसंस्कृत राजकारणी’ म्हणतो, त्या चव्हाणांना समितीच्या सभांतून त्या दिवसांत सूर्याजी पिसाळ म्हणत. महाराष्ट्रापेक्षा नेहरू मोठे, असं ते म्हणाले होते, ते लोकांना झोंबलं होतं. नंतर 1962 मध्ये चीनच्या युद्धात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा तीच तोंडं ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ म्हणायला लागली. तेव्हा विशेषणांवर फार विसंबू नका. ‘सुसंस्कृत राजकारणी’ हा शब्दप्रयोगसुद्धा बघा, नामाची इज्जत गेली म्हणून पुढे विशेषण लावून वाचवावं लागतं. समर्थांनी हरिकथेच्या खालोखाल राजकारणाला बसवलं होतं, तेव्हा त्या शब्दाला असा टेकू लागत नव्हता.

खिळेजुळारी

ताई, उदाहरण पोचलं. पण मला वाक्यात एक शब्द बसवायचाय, चार ओळींची जागा नाही. ‘दिलदार मुत्सद्दी’ कसं वाटतं? ‘भारदस्त’, ‘खानदानी’, ‘पोक्त’ हेही डोक्यात आहेत. ‘जाणता’ सुचला होता, पण तो लिहिला तर स्मरणिका एका पक्षाची होईल.

कराडकर मास्तर

‘भारदस्त’ म्हणजे आवाज आणि देह. ‘खानदानी’ म्हटलं की लोक घराणं आणि जमीन मोजायला लागतात. ‘पोक्त’ला वय पुरतं. ‘दिलदार मुत्सद्दी’ तर ‘प्रामाणिक दलाल’सारखं होतं, दुसऱ्या शब्दाचा पहिल्यावर विश्वास नाही.

‘धुरीण’ घ्या. धुर् म्हणजे जू, ते खांद्यावर घेणारा तो धुरीण. ‘धुरंधर’ही त्याच घरातला, पण तो पार वापरून झिजला. ‘समाजधुरीण’ अजून आब राखून आहे. यात डावपेच नाहीत, ओझं आहे. गोखले 1915 साली गेले तेव्हा टिळकांनी स्मशानात केलेल्या भाषणात त्यांना हिंदुस्थानचा हिरा, महाराष्ट्राचं रत्न म्हटलं. आयुष्यभराचे विरोधक! तोलामोलाचा माणूस गेल्यावर असं मोकळ्या हातानं द्यावं. एका ‘मुत्सद्दी’वर भागवू नये.

वाईची लेक

धुरीण चालेल. ग्रामपंचायतीतल्या माणसाला जड होईल, पण स्मरणिका तशीही कोण वाचतं, फोटो बघतात.

खिळेजुळारी

प्राध्यापकांना फोन केला. ‘धुरीण’ला तयार झाले, एका अटीवर. त्यांच्या लेखात पुढे साखर कारखान्याच्या निवडणुकीचा किस्सा आहे. दोन गटांतून विस्तव जात नव्हता, आणि अर्ज माघारीच्या शेवटच्या दुपारी अण्णांनी दोघांना एका पॅनेलवर बसवलं. कुणाला काय कबूल केलं ते आजतागायत बाहेर आलं नाही. तिथला ‘मुत्सद्दी’ काढू देणार नाही म्हणाले. चिरंजिवांना ते वाक्य वाचून दाखवलं तर हसले. म्हणाले, “तिथं राहू द्या. तिथं होतेच.”

कराडकर मास्तर

छान. आता ‘धुरीण’मधली री दीर्घ आहे तेवढं बघा, मागच्या एका गौरवग्रंथात मुखपृष्ठावरच ऱ्हस्व छापली होती.