पळायला आणि कॉलेजात, दोन्हीकडे चालेल असं एकच घड्याळ आहे का?

गणिताच्या बाई:

नमस्कार मंडळी. वय ४७, मुक्काम कोथरूड, ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. तीन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले "चाला", तर चालता चालता पळायलाच लागले. आठवड्यातून तीनदा वेताळ टेकडी, रविवारी विद्यापीठात १२-१४ किमी. डिसेंबरात पहिली हाफ मॅरेथॉन करायचं मनात आहे. घरी अजून बोललेले नाही.

सध्याचं घड्याळ भाच्याने दिवाळीला दिलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, भाचा इथे वाचतो. दिसायला देखणं आहे, पण त्याच्या हिशोबाने मी रोज कॉलेजला स्कूटरवरून जाताना हजारभर पावलं चालते. रस्त्यातले खड्डे बघता त्याला तरी काय बोलायचं. फोन घरी ठेवून पळाले की टेकडीचा तोच फेरा एकदा ५.४ किमी भरतो, एकदा ६.३. एका गणिताची अशी दोन उत्तरं मी मुलांची कधी चालवून घेतलेली नाहीत.

गेल्या रविवारी तर घाबरलेच. मैत्रिणीला अळूच्या फदफद्यात मुळा घालायचा की नाही हे सांगत निवांत पळत होते, आणि हार्ट रेट १७२! वयानुसार कमाल हार्ट रेट २२० उणे ४७, म्हणजे १७३. एका ठोक्यावर येऊन ठेपले होते म्हणायचं, तरी बोलणं काही थांबलं नव्हतं.

नवं घ्यायचं तर दिवसभर घालता यावं असं वाटतं. मनगट बारीक आहे. आठवड्यातले तीन दिवस साडी असते आणि वरणाच्या वाटीएवढी तबकडी साडीवर मला नको. बाबांचं चावीचं एचएमटी अजून व्यवस्थित चालतं, कॉलेजात पोचलं की हे काढून तेच घालते. मग हे दुसरं घेऊन ते कपाटात टाकायचं का, हाही प्रश्न आहेच. बजेट तीस हजार, थोडं ओढूनताणून वर.

सदाशिवपेठी:

पळायला पाय लागतात. आम्ही सारसबागेभोवती पळायचो तेव्हा उजव्या खिशात चिंचोके घेऊन निघायचो. एक फेरी झाली की एक चिंचोका डाव्या खिशात. चार्जिंग लागत नाही, पावसात बिघडत नाही.

टेकडीवाला:

काका, चिंचोक्याला बारा किमीची पँट लागेल.

बाई, आधी त्या १७२ चं बघू. तो आकडा बहुधा हृदयाचा नव्हता, पायांचा होता. ही घड्याळं मनगटावर हिरवा उजेड टाकतात आणि नाडीबरोबर परत येणारा उजेड किती कमीजास्त होतो ते मोजतात. पट्टा सैल असला की प्रत्येक पावलाला घड्याळ हलतं, त्याचीही एक लय तयार होते, आणि घड्याळ तिलाच नाडी समजून बसतं. सावकाश पळतानाही मिनिटाला १६०-१७५ पावलं पडतातच. ॲपमध्ये हार्ट रेट आणि कॅडन्सचे (मिनिटाला पडणाऱ्या पावलांचे) आलेख शेजारी ठेवा. दोन्ही एकाच आकड्याला चिकटलेले दिसले तर चोर सापडला. पुढच्या वेळी असं झालं की थांबून १५ सेकंद नाडी मोजा, पुढचा गुणाकार तुम्हाला मी काय सांगणार. पळताना घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकवा आणि पट्टा एक भोक घट्ट करा. आणि ते २२० उणे वय म्हणजे नुसती सरासरी आहे, माणसागणिक दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे होतात. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र घड्याळाशी वाद घालू नका, डॉक्टर गाठा.

अंतराचं कारण सोपं आहे. तुमच्या घड्याळाला स्वतःचं जीपीएस नसणार, ते फोनचं उसनं घेतं. फोन घरी, तर ते पावलं गुणिले पावलाची ठरावीक लांबी एवढंच करतं. टेकडी चढताना पाऊल आखूड पडतं, उतरताना लांब, मग उत्तर कसं जुळणार?

म्हणून पहिली अट स्वतःचं जीपीएस. दुसरी, टेकडी करता म्हणून, बॅरोमीटर. हवेचा दाब साधारण आठ-नऊ मीटर चढलं की एक हेक्टोपास्कल उतरतो, त्यावरून चढ कळतो. नुसत्या जीपीएसवरून उंची काढली की ती उड्या मारते. (वळवाच्या आधी दाब पडला की बॅरोमीटरही फसतो. घरात बसल्या बसल्या माझ्या घड्याळाने मला दोन मजले चढवलेत.) तिसरी अट बटणं. जुलैत, भिजलेल्या बोटाने टचस्क्रीनवर लॅप (फेरीची नोंद) मारून बघा, मग कळेल.

बारीक मनगटाला गार्मिन कंपनीची तीन बघा. फोररनर ५५ सगळ्यात हलकं, ३७ ग्रॅम, पण बॅरोमीटर नाही. फोररनर १६५ मध्ये तो आहे, ४३ मिमी, ३९ ग्रॅम, स्क्रीन ॲमोलेड, रंगीत आणि झगझगीत. फोररनर २५५एस ४१ मिमी, वजन तेवढंच. त्याची स्क्रीन दुकानात मळकट दिसते, पण टेकडीवर ऊन जितकं जास्त तितकी स्वच्छ वाचता येते. शिवाय ते उपग्रहांचे सिग्नल दोन फ्रिक्वेन्सींवर घेतं, म्हणून दाट झाडीत आणि उंच इमारतींजवळ रेघ कमी भरकटते. पाच बटणं तिन्हींना आहेत.

आयटीतला_गडी:

ॲपल घ्या ना सरळ. दिसतंही भारी, साडीवर शोभेल.

टेकडीवाला:

दिसतं, मान्य. पण नेहमीच्या मॉडेलची बॅटरी कंपनीच जेमतेम दिवसभराची सांगते. २५५एस घड्याळ म्हणून १२ दिवस चालतं, जीपीएस लावून २६ तास. पळणारा माणूस पहाटे साडेपाचला चार्जर शोधत नाही.

पाचवा_गियर:

ताई, मी बँकेत आहे, दोन वर्षं एकच घड्याळ चोवीस तास वापरतेय, म्हणून यंत्र सोडून बाकीचं सांगते. एक, नोटिफिकेशन पहिल्या दिवशीच बंद करा, फक्त कॉल ठेवा. नाहीतर फळ्यावर लिहिताना फॅमिली ग्रुपचं गुड मॉर्निंग मनगटावर थरथरेल आणि पोरं हसतील. दोन, पळून आल्यावर पट्टा साबणाने धुवा आणि पूर्ण वाळवा. मी आळस केला, चट्टा उठला, पंधरा दिवस हात मोकळा ठेवायला लागला. तीन, बांगड्या दुसऱ्या हातात. घड्याळावर सारख्या घासतात, ओरखडे पडतात. पट्टा बदलता येतो, साडीसाठी चामड्याचा वेगळा ठेवा. त्यावर घाम लागू देऊ नका, कुबट वास येतो आणि जात नाही.

आणि एचएमटी कपाटात टाकू नका हो. चावीचं घड्याळ चालतं ठेवलेलंच बरं.

गणिताच्या बाई:

सगळ्यांचे आभार. आलेख शेजारी ठेवून पाहिले. पंचवीस मिनिटं दोन्ही रेघा १७० ते १७३ मध्ये एकमेकींना धरून चालल्या आहेत. थांबून नाडी मोजली तेव्हा ३४ गुणिले ४, म्हणजे १३६. जीव भांड्यात पडला.

पाचवा_गियर यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून स्वतःचं २५५एस चार दिवस वापरायला दिलं, ओळखदेख नसताना! टेकडीचा फेरा तीन वेळा केला: ५.८८, ५.९१, ५.८९. सणस मैदानावर मैत्रिणीच्या मुलीचा सराव असतो, तिच्यामागे लागून तिथेही गेले. पहिल्या लेनमधून दहा फेरे, म्हणजे ४ किमी. फेरे मोजायला सदाशिवपेठी काकांची पद्धत वापरली, चिंचोके नव्हते म्हणून ट्रॅकपँटच्या खिशात खडूचे तुकडे. घड्याळ म्हणालं ४.०६. वळणावर जीपीएसची रेघ थोडी बाहेर जाते, ते दिसलंही. त्यात ट्रॅकसाठी वेगळा मोड असतो आणि लेन निवडायची असते हे घरी आल्यावर कळलं.

२५५एसच घेतेय. साडीवर फार वाईट नाही दिसत. मुलींनी वर्गात विचारलं, "मॅडम, नवीन घड्याळ?" मुलांच्या लक्षातही आलं नाही. पण परीक्षेच्या हॉलमध्ये आमच्याकडे पर्यवेक्षकांनाही स्मार्टवॉच चालत नाही, तेव्हा एचएमटीला तेवढी ड्यूटी कायम. रोज चावी मात्र द्यायची ठरवलंय.

एकच राहिलं. चामड्याचा पट्टा १८ मिमीचा लागेल असं दिसतंय. कुठे मिळेल?

सदाशिवपेठी:

तुळशीबागेत बघा. नाही मिळाला तर बुधवार पेठेत. दुपारी एक ते चार जाऊ नका. आणि खडूने खिसा पांढरा झाला असेल, चिंचोक्याने होत नाही.