मदत हवी आहे : वाळवीच्या वारुळातली बुरशी वेगळी कशी वाढवावी?

हिंगण्याकडे शेतात चर खणताना वारुळाचा कडेचा भाग फुटला. आत तपकिरी, मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं बुरशीचं पोळं निघालं, त्यावर खसखशीएवढे पांढरे दाणे. ही टर्मिटोमायसिस, म्हणजे पावसाळ्यातल्या सात्या (रानातली अळंबी) जिच्यापासून येतात ती बुरशी. मे महिन्यात बाहेर जमीन भाजत असताना वाळवी तिला आत दमट जागेत जपते, हे नववीच्या मुलांना प्रत्यक्ष दाखवायचंय. खाण्यासाठी नाही.

पोळ्याचा तुकडा ओल्या कापसावर बंद डब्यात ठेवला. थोड्याच दिवसांत काळ्या काड्या वर आल्या. ती झायलेरिया, म्हणजे दुसरीच एक बुरशी, पोळ्यात दबून असते आणि वाळवी नसली की उसळते. मग दाणे उचलून बटाटा-डेक्स्ट्रोज अगारवर (बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर) ठेवले, तर हिरवी बुरशी चढली. प्लेट कुकरमध्ये निर्जंतुक केल्या होत्या, सुई स्पिरिटच्या दिव्यावर. लॅमिनार हूड (गाळलेल्या, जंतुविरहित हवेचं कपाट) नाही. वारूळ पुन्हा फोडणार नाही. थोडं पोळं जिवंत वाळवीसकट मडक्यात आहे, तेवढंच.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: दाणा वरून निर्जंतुक करायला काय आणि किती वेळ वापरता, की चिरून फक्त आतला भाग घेता? आणि एवढ्या हळू वाढणाऱ्या बुरशीला कोणतं तापमान ठेवता?