जुनं घर पाडतोय, राडारोडा नदीकाठी नाही टाकायचाय, मग काय करू?

पर्वतीपायथा:
नमस्कार मंडळी. पुण्यात आमचं 1978 सालचं घर आहे, वडिलांनी बांधलेलं, खालचं-वरचं मिळून साधारण 1800 स्क्वेअर फूट. भिंती विटांच्या, वर आरसीसी स्लॅब, खाली शहाबादी फरशी, मागच्या बाजूला धुण्याच्या जागेवर सिमेंटचे पत्रे. स्लॅब इतका गळतो की पावसाळ्यात घरात बादल्यांची रांग असते, म्हणून शेवटी पाडून नवीन बांधायचं ठरलंय.

पाडकामवाला बघून गेला. म्हणतो भंगार माझं, सळया माझ्या, खिडक्या-दारं माझी, तुम्ही एक रुपया देऊ नका, रात्री डंपर लावतो आणि पाच-सहा दिवसात प्लॉट साफ. मी विचारलं बाकीचा माल टाकणार कुठे, तर मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "भराव काय, कुठंतरी लागतोच की साहेब." आता कुठंतरी म्हणजे कुठं हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको, मुठेच्या काठाने चालायला गेलं की दिसतंच.

तर प्रश्न असे की एवढ्या घराचा राडारोडा निघतो किती, त्यातलं नवीन बांधकामात काही वापरता येतं का, आणि ते रिसायकलिंगचे प्लांट म्हणतात ते खरोखर चालतात की नुसते पेपरातच? मेहुणे म्हणतायत सळया सरळ करून परत वापरू, बरेच पैसे वाचतील. मला काही ते पटेना पण त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही :)

सिव्हिल_काका:
आधी सळयांचं, कारण ते महत्त्वाचं. मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा आणि त्या सळया गुपचूप भंगारात जाऊ द्या. जवळजवळ पन्नास वर्षं काँक्रीटमध्ये राहिलेली, त्यात गळका स्लॅब म्हणजे गंज धरलेली सळई, पाडताना ब्रेकरने वाकडी झालेली, ती घणाने ठोकून सरळ करायची आणि नवीन बीममध्ये घालायची, हे मी माझ्या साईटवर कधी होऊ दिलं नाही. भट्टीत जाऊन वितळते आणि नवीन होऊन येते, लोखंडाचं रिसायकलिंग आपल्याकडे भंगारवाले कधीपासून करतायत, तिथे आपण डोकं लावायची गरज नाही.

आता किती निघेल. टायफॅक म्हणून केंद्र सरकारची तंत्रज्ञानाची संस्था आहे, तिचा जुना अंदाज आहे, बांधकाम पाडलं की चौरस मीटरला 300 ते 500 किलो. तुमचे 1800 फूट म्हणजे 167 चौरस मीटर, म्हणजे 50 ते 80 टन धरा. ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) सांगायचं तर 12 ते 20 ब्रास, लोडबेअरिंग म्हणजे वजन पेलणाऱ्या भिंती जाड असतात म्हणून वरचाच आकडा धरून चाला.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, पाडायच्या आधी ठरवलं तर तो माल असतो, पाडल्यावर ठरवलं तर तो कचरा असतो. जेसीबी एकदा लागला की स्लॅबचं काँक्रीट, विटा, गिलावा, पीओपी, वायरी, संडासाच्या टाईल्स, बागेतली माती, सगळ्याची खिचडी होते आणि ती खिचडी कुठलाच प्लांट आनंदाने घेत नाही. म्हणून क्रम लावा. आधी दारं-खिडक्या-लाकूड-वायरी-नळ काढा, मग पीओपी खरवडून पोत्यात भरा, मग स्लॅब पाडून काँक्रीटचा वेगळा ढीग करा, मग भिंती. चार दिवस जास्त जातात. पाडकामवाला कुरकुर करणार, त्याला दर दिवसाचे थोडे पैसे द्या.

ते मागचे सिमेंटचे पत्रे मात्र फोडू नका!! त्या काळातले पत्रे म्हणजे ॲस्बेस्टॉस. ओले करायचे, बोल्ट सोडवून अख्खे उतरवायचे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवायचे. ते घातक कचऱ्यात जातात, त्यांची विल्हेवाट वेगळी असते, महापालिकेत विचारा. राडारोड्यात मिसळून क्रशरमध्ये गेले तर त्याची धूळ कोणाकोणाच्या छातीत जाईल सांगता येत नाही.

डेब्रिजवाला_मुंबईकर:
राडारोडा काय शब्द आहे राव, आम्ही आपलं डेब्रिज म्हणतो 😀

मुंबईत महापालिकेची डेब्रिज ऑन कॉल म्हणून सोय आहे, फोन करायचा, पैसे भरायचे, ते येऊन उचलतात. माल दहिसरच्या आणि शिळफाट्याच्या प्लांटला जातो, दोन्हीची क्षमता रोजची 600-600 टन. म्हणजे पेपरात नाही, खरे आहेत. पुण्यात वाघोलीला आहे, पिंपरी-चिंचवडचा मोशीला. आधी फोन करून विचारा मिक्स माल घेतात का आणि टनाला किती लावतात.

आणि पावती घ्या, पावती!! माझ्या चुलत भावाच्या बाबतीत काय झालं, ठेकेदाराने रात्री माल खाडीकडेला ओतला, त्यात भावाच्या नावाची लाईट बिलं आणि लग्नपत्रिकांचा गठ्ठा निघाला, दंडाची नोटीस आली ती भावालाच. ठेकेदाराचा फोन तेव्हापासून बंद तो बंदच.

आरएमसीवाली:
मी रेडीमिक्सच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या प्लांटच्या लॅबमध्ये आहे, तर नवीन बांधकामात वापरण्याबद्दल थोडं.

आयएस 383 म्हणजे काँक्रीटच्या खडी-वाळूचं भारतीय मानक, त्याच्या 2016 च्या आवृत्तीत हे अधिकृतपणे आलंय. नुसतं काँक्रीट फोडून केलेली खडी वेगळी धरतात आणि विटा-टाईल्स मिसळलेली वेगळी. पहिली खडी साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत चालते, सळयांच्या काँक्रीटमध्ये 20 टक्के आणि तेही एम 25 पर्यंतच (एमचा आकडा म्हणजे काँक्रीटची ताकद), आणि पायाखालच्या लीन काँक्रीटमध्ये, म्हणजे एम 15 पेक्षा कमी, तिथे 100 टक्केसुद्धा चालते. विटांची मिसळ असलेली खडी फक्त लीनमध्ये.

का ते सांगते, आमच्या लॅबमध्ये शिकाऊ मुलांना मी हेच दाखवते. आपला काळा दगड आणि जुन्या काँक्रीटची खडी, दोन्ही एका दिवसासाठी पाण्यात ठेवायचे, बाहेर काढून फडक्याने पुसायचे आणि वजन करायचं. काळा दगड जेमतेम एक-दीड टक्का पाणी पितो. जुन्या खडीला चिकटलेलं सिमेंट-वाळूचं कवच असतं ना, ते स्पंजसारखं पितं, आमच्याकडे पाचच्या आसपास आलं होतं. ही खडी कोरडीच मिक्सरला टाकली की ती सिमेंटच्या वाटचं पाणी ओढून घेते, माल घट्ट होतो, मिस्त्री ओरडतो "पाणी मारा", कोणीतरी पाईप सोडतो आणि तिथेच ताकद गेली. म्हणून रात्रभर भिजवायची, सकाळी निथळून वरून कोरडी झाली की वापरायची.

आणि पीओपी वेगळं काढा असं काका म्हणाले ते अगदी बरोबर, पीओपी म्हणजे जिप्समच, त्यातलं सल्फेट सिमेंटला खातं. एका घरासाठी कॉलम-स्लॅबमध्ये हे प्रयोग करू नका हो, टेस्टिंगचा खर्च परवडणार नाही. पायाखालची पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट), कंपाउंडच्या आतला रस्ता, पार्किंगखालचं सोलिंग (दगड-खडीचा थर), इथपर्यंत ठीक.

खरं_बोलतो:
सगळं वाचायला छान आहे पण जमिनीवर काय चालतं ते बोला. सीएसई या दिल्लीच्या पर्यावरण संस्थेनेच 2020 मध्ये सांगितलं होतं की देशात जेमतेम 1 टक्का मलबा रिसायकल होतो. 2016 च्या नियमांत दिवसाला 20 टन नाहीतर महिन्याला 300 टन काढणाऱ्यांना जास्त जाच होता, तुमच्याआमच्या घराला कोण विचारत होतं. आता 2025 चे नवीन नियम आलेत, 1 एप्रिल 2026 पासून, त्यात जबाबदारी 20,000 चौरस मीटरच्या वरच्या प्रोजेक्टवर. म्हणजे परत बिल्डर कागदं रंगवणार आणि डंपर रात्रीचे नदीकडे जाणार. कोथरूडचा माणूस वाघोलीपर्यंत डंपरचं भाडं भरेल का? आणि तिथे बनलेले पेव्हर ब्लॉक घेतं कोण?

सिव्हिल_काका:
@खरं_बोलतो, तुमचा राग बरोबर आहे, निम्मं खरंय. पण घेतं कोण याचं उत्तर दगडात आहे. पुणं उभंच काळ्या पाषाणावर आहे, ज्या वाघोलीत प्लांट आहे त्याच वाघोलीत इतक्या वर्षांच्या खाणी आणि खडी क्रशर आहेत. दाराशी ताजी खडी मिळत असताना जुनी कोण घेणार? दिल्लीचं उलटं आहे, आजूबाजूच्या खाणींवर बंदी, खडी लांबून येते, म्हणून बुराडीचा प्लांट 2009 पासून चालला. सुप्रीम कोर्टाच्या नव्या जोड-इमारतीत साधारण 18 लाख ब्लॉक असल्याच मलब्याचे लागलेत. नोएडाचे सुपरटेकचे ते दोन टॉवर ऑगस्ट 2022 मध्ये पाडले तेव्हा 80 हजार टन म्हणत होते, त्यातला काही माल तिथल्याच सेक्टर 80 च्या प्लांटला गेला. सरकारी कामात ठराविक टक्के घ्यायलाच लावलं की गिऱ्हाईक तयार होतं, नाहीतर नाही.

आणि घर छोटं म्हणून सुटका आहे असं नाही. माल वेगळा ठेवायचा आणि ठरलेल्या ठिकाणी द्यायचा हे छोट्यालाही आहेच, फक्त प्लॅन सादर करायचा जाच नाही.

कराडचा_पप्पू:
दादा, प्लांटबिंट जाऊ द्या, आमच्याकडं तर कुणी विचारतच नाही, सगळा माल जोत्यातच जातो. पण तिथं चुकू नका, माझं झालंय म्हणून सांगतो.

2011 ला घर बांधलं तेव्हा जुन्या घराचा सगळा माल जोत्यात ढकलला, मी पण खूश, भरावाचा मुरूम वाचला. दोन पावसाळं झालं आन् हॉलची फरशी एका कोपऱ्यात बसली, गोटी सोडली की आपोआप कोपऱ्यात जायची, पोरं खेळायची तो खेळ. फोडून बघितलं तर खाली भिंतीचं ढेकळ जसंच्या तसं, बाजूला पोकळ. आणि वाईट म्हणजे त्यात जुन्या दाराच्या चौकटीचं तुकडं राहिलेलं, त्याला वाळवी. ती वाळवी नवीन चौकटीपर्यंत पोचलेली. बायको आजपण टोमणा मारते, जुनं घर सोडवंना म्हणून वाळवीसकट आणलं म्हणून.

तर ढेकळं घणानं मुठीएवढी फोडा, लाकडाचा एक तुकडा राहू देऊ नका, सहा-सहा इंचाचा थर, पाणी, धुमसानं ठोकणं. प्रत्येक थराला. कंटाळा करू नका.

ओळंबा:
विटांबद्दल कोणीच नीट बोललं नाही म्हणून लिहितोय. वडील गवंडी होते, मी पण आधी तेच केलं.

1978 च्या विटा म्हणजे भट्टीच्या चांगल्या भाजलेल्या असण्याची शक्यता आहे. चुन्यातलं बांधकाम असतं तर वीट अलगद सुटली असती, सिमेंटमधली सुटताना निम्म्या फुटतात, चालायचंच. तपासायला सोपं आहे, दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखण वाजली तर ठेवा, भद्द वाजली तर भरावाला. लोणा लागलेल्या, पांढरी पूड सुटणाऱ्या, संडास-मोरीच्या भिंतीतल्या, त्या अजिबात घेऊ नका, परत लोणा येतोच.

अख्ख्या निघतील त्या कंपाउंडला. आणि तुकडे झालेल्या फेकू नका, गच्ची गळू नये म्हणून वर विटांच्या तुकड्यांचा थर, म्हणजे कोबा, करायचाय ना? ब्रिकबॅट कोब्याला तरी मिस्त्री विटा विकत आणून फोडतातच की! मी तर म्हणेन लोक डोळ्यांदेखत दोन ब्रास तुकडे डंपरमध्ये भरून देतात आणि चार महिन्यांनी तेवढ्याच नव्या विटा फोडायला आणतात, याच्यासारखा येडेपणा नाही. तुकडे धुवून, भिजवून, उतार धरून मालात बसवायचे, सांधे नीट भरायचे, वर घोटून चौकोन मारायचे आणि पाणी साठवून आठ दिवस बघायचं. स्लॅब डिझाईन करताना इंजिनियरला कोब्याचं वजन आधीच सांगा.

उरलेला बारीक चुरा आमचे आजोबा चाळून सुरखी म्हणून चुन्यात घालायचे. आता चुना कोण मळतंय, पण झाडांच्या वाफ्याच्या कडेला, पायवाटेला छान बसतो.

पर्वतीपायथा:
सगळ्यांचे आभार, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. अपडेट देतो.

पाडकामवाल्याशी परत बसलो. आधी सरळ नाही म्हणाला, मग सळया-खिडक्या त्याच्याच आणि वर चार दिवसांची चार माणसांची मजुरी माझी, यावर तयार झाला. स्लॅबचं काँक्रीट वेगळं वाघोलीला, काट्याची पावती मला दिल्याशिवाय शेवटचे पैसे नाहीत, हे कागदावर लिहून घेतलं. विटा आमच्याच प्लॉटच्या कोपऱ्यात. शहाबादी फरशा पहारीने अलगद उचलल्या, पंच्याऐंशी अख्ख्या निघाल्या, त्या नवीन पार्किंगला. पत्रे अख्खे उतरवून गुंडाळून ठेवलेत, त्यांचं पुढे काय ते वॉर्ड ऑफिसला विचारतोय, अजून उत्तर नाही.

काल आई खुर्ची टाकून बसली होती आणि एकेक वीट वाजवून बघत होती, ओळंबा दादांनी सांगितलेलं तिला वाचून दाखवलं तेव्हापासून मजुरांना सोडतच नाही, "ही भद्द आहे रे, तिकडे टाक" चालू असतं. मेहुण्यांना सळयांचं सांगितलं, ते म्हणाले मी आधीच म्हणत होतो नको म्हणून.

एकच शंका राहिली, कोब्याला विटेचा तुकडा केवढा हवा? मिस्त्री म्हणतोय अर्धी वीट चालते.

ओळंबा:
अर्धी मोठी होते, सांधे कमी पडतात. पाव विटेपर्यंतच घ्या, आणि आईंना सांगा आवाजाबरोबर वजनपण बघायचं, कच्ची वीट हातात हलकी लागते.