मदत हवी आहे: डॅक्रॉनवरचं कोलॅजन कोटिंग सीरममध्ये उतरतंय

रक्तवाहिनीच्या ग्राफ्टसाठी डॅक्रॉनच्या (म्हणजे आपलं पॉलिएस्टरच) कापडावर कोलॅजन टाइप १ चं (शरीरातल्या तंतुमय प्रथिनाचं) कोटिंग करतोय. आधी नुसतं बुडवून पाहिलं, ते पीबीएसमध्येच (फॉस्फेट बफर असलेलं मिठाचं द्रावण) सुटलं. मग सोडियम हायड्रॉक्साइडने पृष्ठभाग उघडून ईडीसी-एनएचएसने (प्रथिन रासायनिक बंधाने जोडणारी रसायनं) बांधलं, आता पीबीएसमध्ये ३७ अंशाला मस्त टिकतं पण १० टक्के सीरम घातलं की सिरियस रेडचा (कोलॅजन रंगवणारं रंगद्रव्य) लाल रंग फिका पडतो, तोही कडेला नाही, विणीच्या उंचवट्यांवर आधी. जोडायला ग्लुटाराल्डिहाइड सुचवू नका, उरलेलं पेशींना मारतं, आणि ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) केलं तर कोलॅजनचं जिलेटिन होणार. बीसीएचा (एकूण प्रथिन मोजणारी चाचणी) उपयोग नाही, सीरममधलं अल्ब्युमिनही मोजलं जातं.

रेडिओलेबलिंगची सोय नाही, फ्लुरोसन्स रीडर आहे. तर सीरमआधी एसडीएसने (एक डिटर्जंट) धुवून उरेल तेवढंच खरं बांधलेलं धरायचं का, आणि नंतरचं मोजायला फ्लुरोसंट टॅग लावलेलं कोलॅजन चालेल की हायड्रॉक्सीप्रोलिनच (कोलॅजनमधलं खास अमिनो आम्ल) मोजावं लागेल?